नव्या हापिसातला नारळ

नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी सहा मजल्यांची अख्खी इमारत रिकामी करून दाखवली. इतकी छाप पाडणारा माणूस अंधेरीत यापूर्वी कामाला लागला नसेल.

आता खरं सांगायचं तर इमारत आमच्या आप्पांनी रिकामी केली. पण मुलाच्या नोकरीत बापाचा वाटा असतोच. आमच्यात तो जरा जास्त असतो, इतकंच.

माझी आधीची नोकरी गणपतीत गेली. म्हणजे गणपती आले आणि नोकरी गेली. तिथल्या साहेबांनी रजा नाकारली. मी त्यांना म्हणालो, मग नोकरी तुम्हीच ठेवा, आणि संध्याकाळी कणकवलीच्या गाडीत बसलो. गावाला माझं फार कौतुक झालं. भजनात मला मध्यभागी बसवलं, टाळ दिला. भांडुपला परतल्यावर मात्र कोणी टाळ दिला नाही. पुढचे कित्येक महिने मी घरी बसून डाळीतले खडे काढत होतो आणि खालच्या मजल्यावरच्या काकू रोज न चुकता विचारायच्या, "आज पण सुट्टी का रे?"

शेवटी मरोळला एका मालवाहतुकीच्या कंपनीत मुलाखतीला बोलावणं आलं. तिथल्या अय्यर मॅडम म्हणजे मुलुंडला जन्मलेल्या, स्वच्छ मराठी बोलणाऱ्या आणि चष्म्यावरून बघणाऱ्या. जुनी नोकरी का सोडली, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ग्रोथसाठी." लांब रजा लागतात का, असं विचारलं. मी म्हणालो, सणवार काय, मनातल्या मनातसुद्धा साजरे होतात. (हे बोलताना गावाकडच्या घराचं एखादं कौल नक्की सरकलं असणार.) नोकरी मिळाली, पण सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. म्हणजे मॅडमना मी आवडलो तर कायम, नाहीतर पुन्हा डाळ.

माझ्या बायकोने, शीतलने, आदल्या दिवशी मला समोर बसवून शिकवणी घेतली. कमी बोल, जोक मारू नकोस, कोणी काही म्हटलं की मान हलव. "आणि हे बघ," ती म्हणाली, "या वेळी नोकरी गेली ना, तर खालच्या काकूंना उत्तर तू द्यायचं."

हे सगळं मला जमलं असतं. राहिलं ते गाऱ्हाणं.

आमच्या मालवणी घरात गाऱ्हाण्याशिवाय कुठलीच गोष्ट सुरू होत नाही. नारळ हातात धरून देवाला हकीकत सांगायची, मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. नियम एकच, देवापासून काही लपवायचं नाही. आप्पा पूर्वी गिरणीत होते, त्यामुळे साचे, म्हणजे माग, चालू असतानाही ऐकू जाईल असा आवाज त्यांना आहे. आमच्या वॉशिंग मशिनलासुद्धा गाऱ्हाणं घातलंय. त्यात शेजाऱ्यांच्या मशिनने कसा दगा दिला तेही देवाला सविस्तर कळवलं होतं. शेजारी तिथेच उभे होते.

म्हणून त्या सकाळी मी बूट हातात घेऊन निघालो. दारात आप्पांनी गाठलंच.

"झिला, नारळ?"

"आप्पा, उशीर होतोय. संध्याकाळी घालू या ना."

"लगीन झाल्यावर अक्षता टाकतत काय रे?"

मी मान हलवली (शिकवणी!) आणि सटकलो.

ऑफिसात सुरुवात झकास झाली. मी कमी बोललो, बेताचं हसलो. अकराच्या सुमारास अय्यर मॅडमनी मीटिंग रूममध्ये सगळ्यांशी ओळख करून दिली आणि म्हणाल्या, हे अतिशय शांत स्वभावाचे आहेत. आयुष्यात असं पहिल्यांदाच कोणीतरी म्हटलं होतं. मी त्या वाक्याचा आनंद घेत होतो, तेवढ्यात रिसेप्शनवरची मुलगी आत डोकावली. सर, तुमचे फादर आलेत म्हणाली, आणि मग जरा घुटमळून पुढे म्हणाली की त्यांच्याकडे एक नारळ आहे.

मी तिला सांगितलं की त्यांना बसवा, पाणी द्या, आलोच. आयुष्यातली माझी सगळ्यात मोठी चूक ही. आप्पांना बसवता येत नाही.

आप्पांचा हेतू साधा होता. मला त्रास द्यायचा नाही, साहेबांना भेटायचं नाही, फक्त ऑफिसच्या उंबऱ्यावर नारळ वाढवायचा आणि पुढच्या बसने घरी. पण या ऑफिसला उंबरा नव्हता. दार काचेचं, जमिनीवर गालिचा, भिंतीला स्पंज. नारळ फोडता येईल असं एकही कठीण ठिकाण त्या कंपनीत नव्हतं. आप्पांनी रिसेप्शनच्या टेबलावर बोटाने टकटक करून पाहिलं. कुंडी उचलून पाहिली. शेवटी कोपऱ्यात त्यांना एक लाल दार दिसलं, ज्याच्या काचेतून पलीकडे खऱ्याखुऱ्या दगडी पायऱ्या दिसत होत्या. गिरणीत आयुष्य गेलेल्या माणसाला लाल रंगाची भीती वाटत नाही. त्यांनी दार ढकललं.

ते आगीच्या वेळचं दार होतं.

भोंगा असा वाजला की मीटिंग रूममध्ये एकाच्या हातातून चहा सुटला. सगळ्या मजल्यांवरचे लोक जिन्याने खाली निघाले. आग कुठे आहे हे त्या इमारतीत मला एकट्याला माहीत होतं. खाली आवारात हिरव्या पाटीखाली सगळ्यांनी जमायचं असा नियम होता. पाच-सहा कंपन्यांची माणसं तिथे रांगा करून उभी राहिली. आणि त्या गर्दीच्या मधोमध, नारळ छातीशी धरून, आप्पा.

आता आप्पांच्या बाजूने बघा. नारळ फोडायला म्हणून ते जिन्यात आले, तर भोंगा वाजला, आणि त्यांच्यामागोमाग शेकडो माणसं शिस्तीत खाली येऊन गोल करून उभी राहिली. गावच्या देवळात इतकी गर्दी जत्रेलासुद्धा होत नाही. त्यांना वाटलं, ही या हापिसची पद्धत आहे. त्यांचा ऊर भरून आला. मला बघून ते अभिमानाने हसले, नारळ वर उचलला आणि गिरणीचा आवाज लावला.

"बा देवा रवळनाथा!"

मग तिसऱ्या मजल्यावरच्या कुठल्याशा कंपनीच्या रांगेतून सवयीनेच उत्तर आलं, "व्हय म्हाराजा!" मुंबईत कुठेही नारळ वर धरा, चार मालवणी निघतातच. इथे चाळीसेक होते.

अय्यर मॅडम माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "हे कोण?"

"वडील."

"मला मालवणी नाही कळत. काय म्हणतायत?"

आप्पा म्हणत होते, "आज ह्या माझ्या झिलान नवीन हापिसात पाय ठेवल्यान. सकाळी उठणा नाय, तोंड गप ठेवणा नाय, तरी तेका संबाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता दहा-पंधरा आवाज.

मी मॅडमना म्हणालो की माझ्या कामाच्या वेळा लवचिक आहेत आणि संवादकौशल्य चांगलं आहे, असं सांगतायत.

"आदल्या सायबावांगडा भांडान नोकरी सोडल्यान, तसा हयसर करू नये, अशी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता तर गुजराती आणि केरळी मंडळीही ओरडत होती. आमच्याच ऑफिसातला एक सरदार सगळ्यांत पुढे होता.

"ग्रोथ," मी मॅडमना म्हणालो. "ग्रोथबद्दल चाललंय."

मॅडम नुसत्या "हं" म्हणाल्या. वाचलो असं वाटत होतं. पण आप्पांनी एक श्वास घेतला, माझ्याकडे मायेने पाहिलं आणि मनातलं मुख्य मागणं बाहेर काढलं.

"आणि देवा म्हाराजा, गणपतीक हेका आणि हयसर जमलेल्या सगळ्या लेकरांका आठ दिस रजा गावांदे रे म्हाराजा!"

त्यानंतर जो "व्हय म्हाराजा" झाला, तो ऐकून समोरच्या इमारतीतले लोक खिडक्यांत आले. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. आप्पांनी फुटपाथच्या कडेवर एका फटक्यात नारळ फोडला. माझं प्रोबेशन साधारण दोन तास टिकलं, असा हिशोब मी मनात केला.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "बाकीचं मला कळलं नाही," त्या म्हणाल्या, "पण रजा कळलं."

मी शीतलची शिकवणी विसरलो आणि सगळं खरं सांगून टाकलं. गणपती, जुने साहेब, डाळ. मॅडमनी ऐकून घेतलं आणि मला बाजूला सारून थेट आप्पांकडे गेल्या. आप्पांनी त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाले, "बाय माझे, हो माझो झील भांडता, पण खोटा काम करणा नाय."

जुनी नोकरी गेली तेव्हापासून आप्पा माझ्याशी त्या विषयावर एक शब्द बोलले नव्हते. मी समजत होतो, त्यांना लाज वाटते. खोबरं मीही खाल्लं. ते नेमकं घशात अडकलं, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. बाकी काही नाही.

नोकरी राहिली. एवढंच नाही, गणपती जवळ आले तेव्हा मॅडमनी आप्पांचा मान राखला आणि मागेल त्याला आठ दिवस रजा दिली. सगळं ऑफिस आप्पांना दुवा देत गावाला गेलं. त्या सरदारानेसुद्धा रजा घेतली आणि तो मालवण बघायला आमच्या आप्पांबरोबरच गेला. फक्त प्रोबेशनवरच्या माणसाला रजा मिळत नाही, असा कंपनीचा नियम निघाला. मी तोंड उघडणार तोच आप्पांनी बजावलं, "पुन्हा नोकरी सोडलंस तर गावाक येव नको."

तेव्हा यंदा गणपतीत मरोळच्या त्या ऑफिसात मी एकटा होतो. सगळ्यांचे फोन मीच घेतले. दुपारी आप्पांनी गावाहून व्हिडिओ कॉल केला. आरती चालू होती आणि भजनात मध्यभागी, माझ्या जागेवर, सरदार बसला होता. टाळ त्याच्या हातात होता आणि सांगायला वाईट वाटतं, पण माझ्यापेक्षा बरा वाजवत होता.