उशिरा पोचलेले हादरे
जमीन गप्प असताना भूकंपाची घंटा वाजली, तर तुम्ही घाबराल की हसाल? सोल्डरिंगचा वास आला की मला देवणीजवळच्या गावातली ती दुपार आठवते. हादरे टिपणारं यंत्र आम्ही मित्रांनी स्वतः तारा सोल्डर करून तिथे बसवलं होतं. त्यातल्या प्रोग्रामचा एक भाग हादऱ्याचा निरोप रांगेत टाकून मोकळा व्हायचा, दुसरा तो सवडीने उचलून घंटा वाजवायचा. घंटा वाजली तशी शेजारची मावशी नातवाला कवटाळून बाहेर धावली. कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं. "भांडी तर सकाळी वाजली रं," ती म्हणाली, "तवा ह्यो मातीच्या जड माळवदाखाली निजला व्हता. तवा तुझी घंटी कुठं मेली व्हती?" घंटा थांबेना, दुसरा भाग मध्येच अडकल्याने रांगेत तुंबलेले सकाळचे निरोप एकेक करून आत्ता पोचत होते. आजही घंटा ऐकली की मी आधी जमिनीकडे बघतो. इशारा देणारं काही बनवत असाल, तर रांग तुंबताच तेच आधी ओरडून सांगायची सोय करा.