चाळीस फुटांवरची पट्टी

लीगची माणसं डनमोरचं मैदान बघायला आली तेव्हा वर्ना जो टॅकेटनं त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही, आधी पायांकडे बघितलं. पाच माणसं, आणि पाचही जणांचे बूट पांढरे शुभ्र. ओक्लाहोमाच्या लाल मातीत पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाला अक्कल किती असेल, हे तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं आणि दाताळं ओढत ती आपल्या कामाला लागली.

वर्ना जो अठ्ठावन्न वर्षांची. गावच्या नगरपालिकेची मैदानं ती चोवीस वर्षं सांभाळत होती. माती उकरायची, पाणी मारून दाबायची, चुन्याच्या रेघा ओढायच्या. त्याआधी ती सॉफ्टबॉलची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी होती, आणि साधीसुधी नव्हे. तिचा बाप काँक्रीटची कामं करायचा. त्यानं गोठ्याच्या भिंतीवर रंगानं एक चौकोन काढून दिला होता. त्या चौकोनात ती रोज चेंडू मारायची, थंडीत बोटं फुटायची तरी मारायची. पुढे कॉलेजनं फी माफ करून तिला बोलावून नेलं आणि मग बायकांची पहिली व्यावसायिक लीग निघाली तेव्हा तिच्यासारख्याच दीडशे वेड्या पोरी नोकऱ्या सोडून त्या लीगमध्ये शिरल्या.

ती लीग पाच वर्षं चालली. संपली ती कॅन्ससमधल्या एका पेट्रोलपंपावर. संघ पॅनकेक खात बसला होता. बसचा ड्रायव्हर आत आला, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला की कंपनीनं बस परत मागितली आहे, तुमचा संघ आता उरलेला नाही. मालकाला स्वतः फोन करायचीही हिंमत झाली नव्हती. सोळा पोरींनी आपापल्या बॅगा डांबरावर उतरवून घेतल्या. त्या दिवसापासून कोट घालून खेळाबद्दल बोलणारा कुणीही भेटला की वर्ना जोच्या ओठाचा एक कोपरा आपोआप खाली वळायचा.

आता नवी लीग वाढत होती. आधी चारच संघ, तेही गावोगाव फिरून खेळायचे. येत्या हंगामात सहा होणार होते, प्रत्येकाला स्वतःचं गाव आणि सामने टीव्हीवर. सहावा संघ डनमोरचा, नाव रेडटेल्स. पोरींचं मैदान मोडून तिथे गाड्या लावायची जागा करा, म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं अर्ज केले होते, तेच आता रेडटेल्सच्या टोप्या घालून चर्चच्या दारात मिरवत होते. वर्ना जो त्यांच्याशी बोलायची नाही. मान हलवायची तेवढी, तीही अर्धी.

पांढऱ्या बुटांचा म्होरक्या ट्रेंट हॅल्व्हर्सन. तिशी जेमतेम ओलांडलेला, लीगच्या विस्ताराचा प्रमुख. दर तिसऱ्या वाक्याला तो 'वाढ' म्हणायचा, जणू लीग म्हणजे मक्याचं पीक. त्यानं बाहेरच्या शहरातला कंत्राटदार आणून पिचरची जागा नव्यानं बांधून घेतली. पिचर जिच्यावर पाय टेकून चेंडू टाकते ती पांढरी रबरी पट्टी मातीत बसवली गेली आणि वर्ना जोला लांबूनच काहीतरी खटकलं. तिनं ट्रेंटला सांगितलं. तो म्हणाला की लेझरनं मोजलंय, मिस वर्ना, तुम्ही काळजी करू नका.

तिनं काळजी केली नाही. गाडीतून पोलादी टेप काढला आणि बॅटवालीच्या पायापाशी असते त्या होम प्लेटपासून पट्टीपर्यंत मोजलं. चाळीस फूट. बायकांच्या खेळात पट्टी त्रेचाळीस फुटांवर असते, आणि चाळीस फुटांवर बारा वर्षांच्या पोरी खेळतात. त्या शहाण्या कंत्राटदारानं लहान मुलींचं माप लावून ठेवलं होतं.

टेपवरचा आकडा दाखवल्यावर ट्रेंट जरासा ओशाळला, पण जरासाच. गुरुवारी उद्घाटन होतं, टीव्हीवाले येणार होते, महापौर बॅट घेऊन रेडटेल्सच्या पिचरसमोर उभे राहणार होते.

"तीन फुटांनी काय होतं?" तो म्हणाला. "सोहळा होऊन जाऊ दे, शुक्रवारी बदलून घेऊ. कॅमेऱ्यात कुणाला कळणार आहे?"

"कॅमेऱ्याला नाही कळणार," वर्ना जो म्हणाली. "महापौरांच्या बरगड्यांना कळेल."

तो हसला. तिनं विनोद केलाय असं त्याला वाटलं.

गुरुवारी सकाळी सहाला वर्ना जो फावडं घेऊन मैदानात आली तेव्हा तिथे आधीच कुणीतरी होतं. रेगन टिल्मन, रेडटेल्सची पिचर. चोवीस वर्षांची, लांब खोट्या पापण्या, हातात फोन. वर्ना जोनं तिला आठवडाभर फक्त स्वतःचे फोटो काढताना पाहिलं होतं आणि तिच्याबद्दलही तिचं मत ठरून गेलं होतं. वर्ना जो पट्टीभोवतीची माती खणू लागली.

रेगन हळूच म्हणाली, "जवळ आहे ना?"

वर्ना जोचं फावडं थांबलं. "तुला माहीत होतं?"

"सोमवारपासून. माझा वर चढणारा चेंडू चढतच नव्हता. चढायला जागाच नाही."

"आणि तू गप्प बसलीस."

"करार नवा आहे, मिस वर्ना. तक्रारखोर म्हणून नाव झालं तर पुढच्या वर्षी कोण घेणार?"

वर्ना जोच्या तोंडाशी चांगलं कडू काहीतरी आलं होतं. बोलली असती तर पोरगी रडलीच असती. पण तिला जुन्या लीगचं शेवटचं वर्ष आठवलं. बसचे ब्रेक घासत होते, हॉटेलं रोज बदलत होती, मालक भेट टाळत होता, आणि काहीतरी बिनसलंय हे तिला इतरांच्या आधी कळलं होतं. ती संघाची कप्तान होती. तिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं, कारण तिलाही पुढच्या वर्षी खेळायचं होतं. मालकाचा तिरस्कार तिनं इतकी वर्षं मन लावून केला. त्यातला स्वतःच्या वाट्याचा दोष मात्र तिनं कधी उघडून पाहिला नव्हता.

"फोन ठेव खिशात," ती म्हणाली. "टेपचं टोक होम प्लेटच्या मागच्या टोकाला धर. हलवू नकोस."

पापण्यांवर धूळ बसली तरी रेगननं ते हलवलं नाही. दोघींनी पट्टी त्रेचाळीसवर बसवली, पण चिकणमाती ठोकून घट्ट व्हायच्या आतच ट्रेंट आला. समोर जुन्या जागेवरचा खड्डा बघून त्याचा चेहरा उतरला. तुम्हाला कामावरून काढायला लावीन, असं तो म्हणाला. वर्ना जोनं त्याला सांगितलं की तिचा पगार नगरपालिका देते, आणि त्यानं खड्ड्यातून पाय काढावा.

तेव्हा रेगन मध्ये बोलली. "चाळीसवरून मी आज चेंडू टाकणार नाही. टीव्हीवाल्यांनी का म्हणून विचारलं, तर सांगेन."

ट्रेंट फोन कानाला लावून लांब गेला.

सोहळा पाऊण तास उशिरा सुरू झाला. महापौरांना तिन्ही चेंडू दिसलेच नाहीत, पण बरगड्या शाबूत राहिल्या. ट्रेंटनं भाषणात सांगितलं की आमची लीग वाढते आहे कारण आम्ही इंच न् इंच मोजून घेतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुंपणापाशी उभी असलेली वर्ना जो बाजूला वळून मातीत थुंकली. त्या माणसाला लाज नव्हती आणि ती येण्याचीही काही चिन्हं नव्हती.

दहा दिवसांनी हंगाम सुरू झाला. स्टँड भरलं, बाहेर गाड्यांची रांग लागली. वर्ना जो अवजारांच्या खोलीच्या दारात उभी होती, दहा मिनिटांत निघायचं ठरवून आली होती. ती शेवटपर्यंत थांबली. रेगननं अकरा जणींना बाद केलं. ट्रेंट भेटेल त्याच्याशी हात मिळवत फिरत होता. ही लीगही एखाद्या पेट्रोलपंपावर संपेल, असं वर्ना जोला अजूनही वाटत होतं, आणि तसं तिनं शेजारी उभ्या असलेल्या तिकीटवाल्या बाईला सांगितलंही.

सकाळी ती मैदानात आली तेव्हा पट्टीसमोर रेगनच्या पायानं खरवडून खरवडून वीतभर खोल खड्डा पडला होता. वर्ना जो गुडघ्यावर बसली, हात आत घालून त्याची खोली पाहिली आणि ओली चिकणमाती आणायला निघाली.