फिकट पडलेला डाग

वहिनीचा फोन प्रयोगशाळेतच आला. "हे गेले, वन्सं..." एवढंच ती बोलली. माझ्या हातातल्या बशीत त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी होत्या. भाऊ, माझा थोरला भाऊ, ज्या रोगाने गेला त्याच रोगाच्या. त्यांना खाद्य घालून, बशी जागेवर ठेवून मग मी रत्नागिरीची गाडी पकडली. दीड महिना झाला, पण आधी ती बशी का सांभाळली, या विचाराने अजून मला माझाच राग येतो.

भाऊचा घरामागे काजू फोडायचा छोटा कारखाना. टरफलातल्या तेलाने सगळ्यांचेच हात काळे, त्यामुळे त्याच्या अंगठ्याच्या नखाखालचा काळा डाग दोन वर्षं कोणाला खटकलाच नाही. "काजूचं तेल लागलंय, जाईल," असं तोच म्हणायचा. शेवटी नख फाटलं तेव्हा डॉक्टरांनी तुकडा तपासून घेतला आणि बजावलं, अंगठा काढावा लागेल, उशीर करू नका. त्याला मुंबईला न्यायला मी शिमग्यात घरी गेले. तर हा पठ्ठ्या ओटीवर बसून मलाच विचारतो, "अगो सुमे, तू त्या मुंबईत बसून नक्की करतेस तरी काय?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने विचारलं होतं. मी हरखलेच. वहिनी केळफूल चिरून ताकाच्या पाण्यात टाकत होती. म्हटलं, हे बघ, ताकात केळफूल काळं पडत नाही ना? तसंच पेशीत ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य असतं. ते भरपूर असलं की काळा रंग कमी बनतो, ते घटलं की पेशी काळ्या पडतात. आम्ही ते कमी-जास्त करून बघतो... भाऊ मान डोलावत ऐकत राहिला. रंग गेला तरी रोग तिथेच असतो, उलट तेच द्रव्य रोगट पेशीलाही सांभाळतं, हे मी सांगितलं, नाही असं नाही. पण अगदी शेवटी, घाईघाईत. "आंबा उतरला की येतो," म्हणत त्याने मला एकटीलाच परत पाठवलं.

मग ताकासारखाच आंबटाने डाग जाईल म्हणून आवळा, कोकम, लिंबू... वहिनी वाटीवर वाटी देत राहिली. एक दिवस त्याचा फोन, "सुमे, डाग फिकट झालाय गो!" आणि मी? मी विचारलं, "खरंच? किती फिकट?" अरे देवा! ओरडायला हवं होतं, आत्ताच्या आत्ता गाडीत बस म्हणून. माझ्या त्या आनंदाच्या भरवशावर भाऊने सबंध मोसम काढला. आला तेव्हा काखेत गाठ होती. तरी दवाखान्यात ज्याला त्याला सांगायचा, "माझी बहीण यातलीच आहे हो, तिला सगळं कळतं." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

परवा वहिनीला हे सगळं बोलून दाखवलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने मात्र एवढंच विचारलं, "वन्सं, तुमच्या त्या शोधनिबंधात लिहिलंय का हो, की रंग गेला तरी रोग राहतो?"

"लिहिलंय."

"कुठल्या भाषेत?"

"इंग्रजीत."

"मग आता आमच्यासाठी लिहा," ती म्हणाली.