कोरी चकती

हॉस्पिटलच्या आमच्या लॅबमध्ये तिला सगळे ‘मोजपट्टी’ म्हणायचे. काम तसंच होतं. रुग्णाच्या जखमेतले जंतू प्लेटमध्ये वाढवायचे, वर औषध लावलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ कडं मोजायचं. कडं मोठं असेल तर औषध चालतं. सव्वीस मिलिमीटरला कुणी ‘अंदाजे पंचवीस’ म्हटलं की ती डोळे वटारायची. मी एकोणीस वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर काढली, त्यामुळे ते डोळे मी भरपूर पाहिलेत.

तिचा थोरला भाऊ वरच्या मजल्यावर दाखल होता. घोटा मोडला म्हणून आला, ऑपरेशन नीट झालं, आणि मग जखम चिघळली. जंतू त्याने घरून आणले नव्हते, इथलेच लागले होते. त्याची प्लेट तिनेच लावली. बारा चकत्या, एकीभोवतीही कडं नाही. अशा प्लेटा आम्ही पुष्कळ पाहतो, पण हिच्यावर तिच्या भावाचा नंबर होता.

त्याच दिवसांत एक संशोधक मॅडम झाडपाल्याचे अर्क तपासायला आमच्याकडे आणत होत्या. मोजपट्टीने एका पाल्याचा अर्क भावाच्या जंतूंवर लावून पाहिला. सकाळी प्लेट उघडली तर एकोणीस मिलिमीटरचं कडं! ती खुर्चीत बसून रडली. मीही तिच्या पाठीवर हात ठेवून हसत राहिलो.

मॅडमनी बजावलं होतं, “प्लेटमध्ये जंतू मेले म्हणजे औषध झालं असं नाही. याला अजून कितीतरी वर्षं लागतील.” ते तिला पाठ होतं. तरी तिने वहिनीला सांगितलं. वहिनीने दादाला. आणि सर्जन गुडघ्याखाली पाय कापायच्या संमतीचा कागद घेऊन आले तेव्हा दादाने तो उशीखाली सारला. “माझी बहीण औषध काढतेय. थांबा जरा.” ती तिथेच उभी होती. ‘नाही’ म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दुपारी मी सहज विचारलं, “कोरी चकती लावली होतीस ना?”

पाला ज्या स्पिरिटमध्ये भिजवतात, तेच नुसतं स्पिरिट लावलेली ती चकती. ती आणि अर्काची, दोन्ही चकत्या नीट वाळवून ठेवायच्या, म्हणजे जंतू पाल्याने मेले की स्पिरिटने, ते कळतं. नवख्या पोरींना हे पहिल्या दिवशी तीच शिकवायची.

“जागा नव्हती,” ती म्हणाली. “एकच प्लेट उरली होती. आणि चकती वाळायला मी थांबले नाही.”

तिने पुन्हा प्लेट लावली. नुसत्या स्पिरिटची ओली चकती आणि अर्काची वाळवलेली चकती, शेजारी शेजारी. सकाळी ओलीभोवती एकोणीसचं कडं होतं. अर्काभोवती काहीच नव्हतं. हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता. मला स्वतःची लाज वाटली, अजून वाटते.

ती तशीच वर गेली आणि दादाला म्हणाली, “औषध नाहीये. माझी चूक झाली. सही कर.” त्याने केली.

ऑपरेशननंतर सर्जन हात पुसत आम्हाला म्हणाले, “गुडघा गेला. चार दिवस आधी सही झाली असती तर वाचवला असता.” ते सहज बोलून गेले; तिला ते कसं लागलं असेल, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मी तिला म्हटलं, “हे दादाला सांगू नकोस. काय उपयोग आता?”

दोन दिवसांनी दादा शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागला. त्याने पांघरुणावरून हात फिरवला, पाय कुठे संपतो ते चाचपलं आणि विचारलं, “गुडघ्याखाली कापणार होते ना गं?”

“हो,” ती म्हणाली. “चार दिवस उशीर झाला. माझ्यामुळे.”

मला वाटलं, तो तिचा हात धरेल. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

“उद्या येऊ नकोस,” तो म्हणाला.