पान सतरावरची खूण

वाचनालयाचं पुस्तक आपण आधी वाचलंय की नाही, हे तुम्ही कसं ओळखता? आमच्याकडच्या बायका पान सतरावर पेन्सिलीनं आपापली खूण करायच्या. कुणाची फुली, कुणाची चांदणी. दर शनिवारी मी पुस्तकांतलं पेन्सिलीचं लिखाण खोडरबरानं पुसायचे; पान सतराला मात्र हात लावत नसे. कोल्हापुरातल्या त्या वाचनालयाच्या टेबलाशी नव्वद सालापासून बसले, त्यामुळे किस्से पुष्कळ साठले. त्यातले बरेचसे एकाच काळ्या कव्हरच्या कादंबरीचे.

भीतीची कादंबरी, पण भूत नव्हतं. एका घरात वस्तू जागा सोडतात. सगळे म्हणतात, सूनच हलवते आणि विसरते. शेवटी सुनेलाही ते पटतं. पहिल्यांदा वाचली तेव्हा मलाही पटलं होतं.

तालमीतल्या एका पैलवानानं ती नेली आणि दुसऱ्याच दिवशी परत आणली.

"ताई, यात भूत कुठं हाय?"

"भूत न्हाय त्यात, दादा."

"म्हणून तर झोप लागंना की."

एका निवृत्त गुरुजींनी आणली ती भिजवूनच. म्हणाले, "मंडळी म्हणाली, असलं घरात नको. म्हणून स्कूटरच्या डिकीत ठेवलं. डिकी गळती, हे मला काय माहीत?" सगळी पानं मी पंख्याखाली वाळवली.

पण ती सर्वांत जास्त वेळा नेली सुशीलावहिनींनी. गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरची सून, माहेर शिरोळचं. त्यांची खूण म्हणजे बारीक गोल. चौथ्यांदा मागितली तेव्हा मी पान सतरा उघडून दाखवलं.

"वहिनी, तीन गोल हाईत की तुमचे."

"असू देत. अजून कळलं न्हाय मला."

या वेळी पुस्तक परत आणलं ते त्यांच्या सासूबाईंनी.

"हिला पुस्तकं देऊ नगा. डोकं फिरलंय तिचं. कपाटाच्या किल्ल्या स्वतःच लपवती आणि आमच्यावर आळ घेती. आता माहेरीच धाडणार हाय."

मी मान डोलावली. पुस्तक न उघडता फडताळात ठेवलं. पंधरा दिवसांत वहिनी शिरोळला गेल्याचं कळलं. गल्लीत कुणी फारसं बोललं नाही. मीही नाही.

बारा-तेरा वर्षं गेली. घरोघरी मालिका सुरू झाल्या, वाचक आटले, आणि जुनी पुस्तकं रद्दीत काढायची ठरली. काळं कव्हर दिसलं म्हणून मी ते पुस्तक घरी नेलं आणि पुन्हा वाचलं. आता माझीही चाळिशी उलटली होती. सासू सुनेची फणी उचलून पदराखाली घेते, हे त्यात सरळ लिहिलेलं आहे. एका ओळीत. पहिल्या वेळी मी त्या ओळीवरून तशीच पुढे गेले होते.

मग पान सतरा उघडलं. चार गोल होते. चौथ्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "किल्ल्या मी लपवत नाही. ताई, तुम्ही तरी मला विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.नं मी शिरोळला गेले. वहिनी भावाच्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, पण मला लगेच ओळखलं. मी त्यांच्याशेजारी बसले आणि विचारलं, "वहिनी, किल्ल्या तुम्ही लपवत होता?"

त्या म्हणाल्या, "मीच लपवत असणार, ताई. सगळी तसंच म्हणत्यात."