तसबिरीवरचा हार
ओल्या चुन्याचा वास आला की मला पारोळ्याचं स्मारक सभागृह आठवतं. एकाहत्तरच्या लढाईत गावातला एक जवान बेपत्ता झाला, त्याच्या नावानं लोकांनी ते बांधलं. उद्घाटनाच्या सकाळी भिंती अजून ओलसर होत्या. फीत कापायला त्याच्या आईलाच बोलावलं होतं. दारातूनच तिला समोरची त्याची तसबीर दिसली, झेंडूचा भरगच्च हार घातलेली. कात्री हातात तशीच राहिली. “हार काढा,” ती म्हणाली, “मना पोऱ्या येवाव शे.” पोरगा परत येणार, यावर ती ठाम होती. जागा देणारे शेटजी पुढे होऊन हळूच म्हणाले, “अक्का, मानाचा हार आहे.” मानाचा असेल तर तो आल्यावर त्याच्या गळ्यात घाला, एवढंच ती बोलली. मग ती फितीखालून वाकून आत गेली, तिनं स्वतः हार उतरवला, पदरानं काच पुसली आणि पूजेच्या ताटातलं कुंकू, औक्षणाला लावतात तसं, त्याच्या कपाळी लावलं. ती होती तोवर त्या तसबिरीला कोणी हार घातला नाही. परवा तिथं एका लग्नाला गेले. भिंतींना नवा चुना दिला होता आणि तसबिरीला चंदनाचा हार होता. काढणारी आता नाही, आणि माझा हात काही वर गेला नाही.