तिरंदाजाला संवाद नसतात

आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं उशिरा आली, त्याआधी पत्रकं होती. वडील तापीकाठच्या गावात मास्तर. शाळा सुटली की कुठल्या ना कुठल्या मोर्चाचं पत्रक लिहीत बसायचे. मी अक्षरं जुळवायला शिकले ती ‘बंधू-भगिनींनो’ या शब्दावर.

सुपरहिरो मला भेटले ते थेट कॉलेजात, नंदुरबारच्या हॉस्टेलवर. माझी रूममेट सातपुड्यातल्या मोलगीच्या वरच्या एका आदिवासी पाड्यावरची. तिच्याकडे रद्दीवाल्याकडून आणलेल्या कॉमिक्सचा गठ्ठा होता आणि प्रत्येक हिरोबद्दल ठाम मत होतं. सगळ्यात जास्त राग तिला तिरंदाजाचा.

“एक डोंगर उचलतो, एक आगीतून चालतो, एक उडते. त्यांच्यात हा धनुष्यवाला कशाला?” ती म्हणायची. “बाण संपले की काय करतो? सगळ्यांचे डबे सांभाळतो?”

मी तिरंदाजाच्या बाजूने. कुठलीही दैवी ताकद नसलेला साधा माणूस संघात हवाच, हा माझा मुद्दा.

“साधा माणूस म्हणून घेतलाय ना, मग त्याला बोलू द्या की,” ती म्हणाली. “दहा पानं झाली, कोपऱ्यात उभाच आहे. असा संघात असण्यापेक्षा नसलेला बरा.”

मी पुन्हा पानं चाळली तर ती म्हणत होती तेच खरं होतं.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात सुपरहिरोंचं नाटुकलं ठरलं. बसवणारी आमच्याहून एक वर्ष पुढची, नवापूरच्या व्यापारी घरातली मुलगी. आम्ही तिला दीदी म्हणायचो. स्वभावाने लाघवी, सगळ्यांना घरची शेव-कचोरी खाऊ घालणारी. रूममेटला उडणारीचं काम हवं होतं. नाटकातली निम्मी वाक्यं उडणारीची. पाठांतर करून ती निवडीला गेली. दीदीने पहिलं वाक्यही पुरतं ऐकलं नाही.

“अगं, तू तर आमची तिरंदाज! तुला किती शोभेल!”

“मला धनुष्य धरता येत नाही, दीदी.”

“काहीतरीच. तुमच्याकडे तर लहान पोरंसुद्धा नेम धरतात.”

“आमच्याकडे लहान पोरं शाळेत जातात.”

सगळे हसले, दीदीही हसली. मग लाडाने म्हणाली, “हे बघ, उडणारीला खूप डायलॉग आहेत गं. मराठी एकदम क्लिअर पाहिजे. तिरंदाजाला काही बोलायचंच नाही, टेन्शनच नाही तुला!”

माझ्या तोंडून घरची भाषा निघाली. “हाऊ काय न्याय शे?”

शुद्ध मराठी त्या खोलीतल्या कोणाच्याच घरी बोलत नाहीत. दीदी आईशी मारवाडीत बोलते, गिऱ्हाइकाशी गुजरातीत. मी घरी अहिराणीत भांडते. आम्हा दोघींचं मराठी शाळेतलं, आणि रूममेटचंही शाळेतलंच. फक्त तिच्या मराठीची तेवढी परीक्षा.

त्याच रात्री मी पत्रक लिहिलं, ‘तिरंदाज संघात का नको’. मुद्दे तिचे, तिला विचारून घेतलेले. शेवटी मागणी होती की कामं वाक्यं ऐकून द्या, गाव बघून नको. सकाळी ते सूचना फलकावर लावलं.

दुपारी आदिवासी विद्यार्थ्यांच्या मंडळातले दोन दादा आम्हा दोघींना गाठायला आले. दोघंही रूममेटच्याच भागातले, आणि चांगलेच तापलेले.

“धनुष्य आमच्या देवापाशी असतं,” एक मला म्हणाला. “ते संघात नको, हे लिहिणारी तू कोण?”

“धनुष्याला कोण नको म्हणतंय? तिला उडणारी व्हायचंय.”

दुसरा तिच्याकडे बघून हसला. “मोलगीहून जीपच्या टपावर बसून येते, अन् हिला उडायचंय!”

“म्हणूनच तर,” ती म्हणाली.

तो पुन्हा हसला, पण त्याने ऐकलं नाही. खरी पंचाईत अशी की दादांचं चुकलं, असंही मला म्हणता येईना. ज्या धनुष्याची बाहेरचे टिंगल करतात, ते मान वर करून मिरवावं असं त्यांना वाटणारच. ते तडक दीदीकडे गेले आणि तिरंदाजाला मधोमध, सगळ्यांच्या पुढे उभं करा म्हणाले. दीदीने आनंदाने मान्य केलं. तिने धनुष्याला सोनेरी कागद लावला. तिरंदाज आता संघाचा नायक झाला. वाक्य मात्र एकही मिळालं नाही, आणि ते मागायचं दोन्ही बाजूंपैकी कोणाला सुचलं नाही. मी सुचवलं तेव्हा दीदी म्हणाली, “आता किती ताणशील? मिटलंय ना सगळं!”

प्रयोगाच्या दिवशी दीदी स्वतः उडणारी झाली. टेबलावर उभी, मागे पंखा, अंगावर फडफडणारी लाल ओढणी. दोनदा वाक्य विसरली. रूममेट तिच्याकडे पाठ करून पुढे उभी होती. तिने ओठ न हलवता दोन्ही वेळा ते पुरवलं. मी पहिल्या रांगेत होते म्हणून मला ऐकू आलं. मग तिने धनुष्य उंच केलं आणि मंडपात शिट्ट्यांचा पाऊस पडला. दादा उभं राहून टाळ्या वाजवत होते.

रंग पुसताना मी विचारलं, “टाळ्या ऐकल्यास?”

“ऐकल्या. धनुष्याला होत्या.”

दीदी धावत आली आणि तिला मिठी मारली. “काय दिसत होतीस गं! पुढच्या वर्षी पण तिरंदाज तूच. आत्ताच बुक!”

मी तोंड उघडणार तोच रूममेटने माझा दंड धरला. “पुढच्या वर्षी मी नाही, दीदी,” ती म्हणाली. “पाठांतर केलेलं दुसऱ्याला पुरवायचं असेल, तर मी विंगेत बसेन. तिथे निदान पुस्तक हातात असतं.”

“अगं, पण का? किती छान जमलं तुला!”

दीदीला खरंच कळत नव्हतं. तोंडावर मोकळं हसू, हातात कचोरीचा डबा. तिच्याशी भांडायला मला आजही जागा सापडत नाही, आणि राग काही उतरत नाही.